प्रेत नाही, तरी तिघांना फाशी: कॅम्पडेनचे १६६० चे प्रकरण

रानवाटा (धागाकर्ता)

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात चिपिंग कॅम्पडेन नावाचे, लोकरीच्या व्यापारावर वाढलेले एक छोटे बाजारगाव आहे. १६ ऑगस्ट १६६० रोजी, गुरुवारी, तेथील जमीनदारीणबाई लेडी ज्युलियाना नोएल यांचे सत्तर वर्षांचे कारभारी विल्यम हॅरिसन हे कुळांकडून खंड वसूल करण्यासाठी सुमारे दोन मैलांवरच्या चेरिंगवर्थ या गावी पायी गेले आणि परत आलेच नाहीत. रात्री आठ-नऊच्या सुमारास त्यांच्या पत्नीने जॉन पेरी या नोकराला त्यांच्या शोधासाठी धाडले, तर तोही रात्रभर परतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅरिसन यांचा मुलगा एडवर्ड शोधाला निघाला, तेव्हा जॉन त्याला वाटेतच भेटला. त्यानंतर एब्रिंग्टन आणि कॅम्पडेन यांच्यामधल्या रस्त्यालगत हॅरिसन यांची टोपी, कंगवा आणि गळपट्टी सापडली. टोपी आणि कंगव्यावर वार झालेले होते आणि गळपट्टी रक्ताळलेली होती. प्रेत मात्र कोठेच मिळाले नाही.

संशय जॉनवर गेला. आठवडाभर अटकेत राहिल्यावर त्याने न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कबुली दिली, पण ती स्वतःच्या हातून खून झाल्याची नव्हती. आपला भाऊ रिचर्ड आणि आई जोन यांनी मालकांना गळा आवळून मारले, असे त्याने सांगितले. १६६१ च्या वसंतात आई, भाऊ आणि तो स्वतः, अशा तिघांनाही ब्रॉडवेच्या टेकडीवर फाशी देण्यात आली. आणि १६६२ मध्ये विल्यम हॅरिसन हातीपायी धड असे आपल्या गावी परत आले.

हे सारे आपल्याला मुख्यतः सर टॉमस ओव्हरबरी यांनी १६७६ मध्ये लिहिलेल्या एका सविस्तर पत्रामुळे ठाऊक आहे. हे गृहस्थ त्याच भागातले न्यायदंडाधिकारी होते. (१६१३ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये विषप्रयोगाने मेलेले सर टॉमस ओव्हरबरी ते हे नव्हेत, हे त्यांचे पुतणे. एका घराण्याच्या वाट्याला किती गूढ प्रकरणे यावीत!)

खरा खुनी कोण, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण खूनच झाला नव्हता. माझा प्रश्न निराळा आहे. जॉनने न घडलेल्या खुनात सख्ख्या आईला आणि भावाला का गोवले असावे? आणि एवढे साक्षीदार तपासूनही हे कुभांड कोणाच्या लक्षात कसे आले नाही?

---

गप्पिष्ट

प्रश्न वाचून झोप उडाली. कारभारीच गेला म्हटल्यावर त्या वर्षी कुळांची मात्र चैन झाली असेल.

---

कोरा कागद

गप्पिष्ट, कुळांची चैन झाली नाही. एडवर्ड प्लेस्टरर या कुळाने २३ पौंड भरल्याची नोंद आहे. बाकी बरीचशी कुळे सुगीच्या कामासाठी शेतात असल्यामुळे घरी भेटलीच नव्हती. म्हणजे हॅरिसन यांच्याकडे त्या दिवशी अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम होती.

रानवाटा यांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. जॉनची पहिली जबानी खूनखटल्यात क्वचितच आढळेल इतकी घरगुती आहे. तो सांगतो की मालकांना शोधायला निघालो, वाटेत विल्यम रीड भेटला, त्याला म्हटले की अंधारात एकट्याने जायला भीती वाटते, म्हणून धाकट्या मालकांचा घोडा आणायला मागे फिरलो. दारापर्यंत गेलो, पण आत गेलो नाही. मग पिअर्स नावाचा गृहस्थ आला, त्याच्याबरोबर थोडे अंतर पुन्हा शेतात गेलो आणि पुन्हा परतलो. मग मालकांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात तासभर पडून राहिलो. झोप मात्र लागली नाही. घड्याळाने बाराचे ठोके दिल्यावर उठून निघालो, धुके दाटले, वाट चुकली आणि उरलेली रात्र एका कुंपणाखाली काढली. उजाडल्यावर चेरिंगवर्थला पोचलो.

रीड, पिअर्स, प्लेस्टरर आणि कर्टिस नावाचा आणखी एक जण, या चौघांनाही विचारण्यात आले आणि चौघांनीही आपापल्या वाट्याची हकिकत खरी असल्याचे सांगितले. म्हणजे जेथे जेथे साक्षीदार होता, तेथे तेथे जॉन खरे बोलत होता. ज्या तासांना साक्षीदार नव्हता, ते तास खुराड्यात आणि धुक्यात गेले होते. दंडाधिकाऱ्यांनी त्याला विचारले, की नऊ वाजता अंधाराला भिणारा माणूस बारा वाजता निर्भय कसा झाला? त्याचे उत्तर होते की नऊ वाजता काळोख होता आणि बारा वाजता चंद्र उगवला होता. मला तर हे उत्तर अगदी पटण्यासारखे वाटते.

---

शंकेखोर

कोरा कागद, आपल्याला पटले असेल, पण दोनदा घरापर्यंत येऊनही मालक परतले की नाही याची चौकशी त्याने केली नाही, हे कसे पटवून घ्यायचे? त्याचे स्पष्टीकरण असे होते की मालकांच्या खोलीच्या खिडकीत दिवा दिसत होता आणि ते घरी असताना इतक्या उशिरा तेथे दिवा कधीच नसे. हेही उत्तर चांगलेच आहे. परंतु प्रत्येक प्रश्नाला चांगले उत्तर तयार असणाऱ्या माणसाविषयी मला नेहमीच शंका येते.

---

शिरस्तेदार

मी बत्तीस वर्षे न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे या चर्चेत दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही.

जबानी कशी वाढत जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. जॉनला त्या आठवड्यात कधी गावातल्या खाणावळीत, तर कधी तुरुंगात ठेवले होते. म्हणजे येणारा-जाणारा त्याच्याशी बोलू शकत होता आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: बाबा रे, मालकांचे काय झाले ते सांग. त्याने एकाला सांगितले की भांडी सांधत फिरणाऱ्या एका कल्हईवाल्याने मारले. दुसऱ्याला सांगितले की शेजारच्या एका बड्या घरच्या नोकराने लुटून मारले. तिसऱ्याला सांगितले की मारून शेंगांच्या गंजीत दडवले आहे. लोकांनी गंजी उपसली, तिच्यात काही नव्हते. यापुढचा स्वाभाविक प्रश्न गावाला पडायला हवा होता की हा मनुष्य वाटेल ते बोलतो आहे. पण गावाने निष्कर्ष नेमका उलटा काढला, की याला सगळे ठाऊक आहे आणि हा काहीतरी लपवतो आहे. शेवटी तो म्हणाला की दंडाधिकाऱ्यांपुढे नेलेत तर जे कोणाला सांगितले नाही ते त्यांना सांगेन. शुक्रवार, २४ ऑगस्ट रोजी त्याला नेण्यात आले आणि तेथे आई-भावाची गोष्ट बाहेर पडली.

माझ्या अनुभवाप्रमाणे, ज्याचे पहिले खरे कोणी ऐकून घेत नाही, तो ऐकणाऱ्याला हवे ते मिळेपर्यंत बोलत राहतो. फरक इतकाच की बहुतेक जण दुसऱ्या किंवा तिसऱ्या कहाणीवर थांबतात.

---

अनुस्वार

मग त्या कबुलीत नेमके काय होते, हे कोणी लिहील का? मूळ प्रश्न आईविषयीचा आहे आणि आपण अजून खुराड्यातच बसलो आहोत.

---

कोरा कागद

लिहितो. जॉनच्या म्हणण्यानुसार, तो हॅरिसन यांच्याकडे नोकरीला लागल्यापासून आई आणि भाऊ त्याच्या मागे लागले होते, की आम्ही गरिबीत आहोत, मालक खंड गोळा करायला कधी जातात तेवढे सांग, म्हणजे वाटेत अडवून लुटता येईल. त्या गुरुवारी त्याने भावाला सांगितले. रात्री मालक जमीनदारीणबाईंच्या कोनिग्री नावाच्या आवारात शिरलेले असावेत अशा अंदाजाने भाऊ मागोमाग गेला. जॉन थोड्या वेळाने तेथे पोचला, तर मालक जमिनीवर पडलेले, भाऊ त्यांच्या अंगावर आणि आई शेजारी उभी. ‘मालकांना मारू नकोस’ असे आपण म्हणालो, पण भावाने ‘गप्प बैस, मूर्खा’ असे म्हणून गळा आवळला. पैशांची थैली खिशातून काढून आईच्या मांडीवर टाकली. प्रेत वॉलिंग्टनच्या गिरणीजवळच्या सांडपाण्याच्या मोठ्या खड्ड्यात टाकायचे ठरले. टोपी, गळपट्टी आणि कंगवा आपणच नेऊन, सुरीने कापून, रस्त्यावर टाकले, म्हणजे लोकांना वाटमारी वाटेल.

खड्डा उपसला. तळी शोधली. यादवी युद्धात १६४५ मध्ये जळून गेलेल्या कॅम्पडेन हाउसचे अवशेषही पालथे घातले. काहीही सापडले नाही.

आता पाहा: खुराड्यात पडणे, बाराचे ठोके, धुके, हे सारे पहिल्या जबानीतले तपशील या कबुलीतही जसेच्या तसे राहिले आहेत. चौघा प्रामाणिक साक्षीदारांनी ज्या गोष्टींना दुजोरा दिला होता, त्यांच्याच आधारावर ही नवी खोटी गोष्ट उभी राहिली. रानवाटा, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथे आहे. साक्षीदार खोटे नव्हते. त्यांचे खरेपणच जॉनच्या खोट्याच्या कामी आले.

---

गप्पिष्ट

म्हणजे उसन्या विटांवर बांधलेले घर.

---

टिंबटिंब

नाडीचा किस्सा राहिला. आई आणि भावाला पकडून दंडाधिकाऱ्यांकडे नेऊन परत आणताना रिचर्डने खिशातून फडके काढले, तेव्हा त्याबरोबर नाडीची एक गुंडाळी खाली पडली. पहारेकऱ्याने ती उचलली. रिचर्ड म्हणाला की ही माझ्या बायकोची केस बांधायची नाडी आहे. पहारेकऱ्याने उलगडून पाहिले तर टोकाला सरकफास. पहारेकरी ती घेऊन पुढे चाललेल्या जॉनकडे गेला आणि विचारले, ही ओळखतोस का? जॉनने मान हलवली आणि म्हणाला की दुर्दैवाने ओळखतो; याच दोरीने माझ्या भावाने मालकांचा गळा आवळला.

विचार करा, खून झालेलाच नाही. ती नाडी खरोखरच बायकोच्या केसांची होती.

---

अनुस्वार

अंगावर काटा आला. आरोपीच्या ओळखीपुढे बिचाऱ्या बायकोची वेणी हरली.

---

सांजवात

दुसऱ्या दिवसाचा प्रसंग याहून चमत्कारिक आहे आणि त्यात आपल्या गावगप्पांचा सगळा गुणधर्म उतरला आहे. रविवारी तिघांनाही कॅम्पडेनच्या चर्चकडे घेऊन निघाले. पाद्रीबोवा त्यांच्याशी बोलून त्यांना पश्चात्तापाला प्रवृत्त करणार होते. वाटेत रिचर्डच्या घरावरून जाताना त्याची दोन मुले धावत आली. धाकट्याला त्याने कडेवर घेतले, दुसऱ्याला हाताला धरले, आणि अकस्मात दोन्ही मुलांचा घोळणा फुटला. बघ्यांनी हा अपशकुन मानला. खुनी जवळ आला की प्रेतातून रक्त वाहते, अशी त्या काळी युरोपभर समजूत होती. येथे प्रेत नव्हते, म्हणून लोकांनी मुलांच्या नाकावर काम भागवले.

हा प्रसंग ओव्हरबरी यांच्यासारख्या शिकल्यासवरल्या दंडाधिकाऱ्यालाही पत्रात नोंदवावासा वाटला, हे मला त्या रक्तापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

---

वैद्यबुवा

ऑगस्ट महिना, सुगीचे दिवस, ऊन, धूळ आणि बापाला पहाऱ्यात बघून रडणारी पोरे. घोळणा फुटायला पेरी कुटुंबाचे पाप लागत नाही, एवढेच नमूद करतो.

---

वकीलकाका

आता कायद्याविषयी. सप्टेंबर १६६० मध्ये फिरत्या न्यायालयापुढे तिघांवर दोन आरोप ठेवण्यात आले. एक खुनाचा आणि दुसरा आदल्या वर्षीच्या चोरीचा. १६५९ मध्ये हॅरिसन कुटुंब भर दुपारी चर्चला गेलेले असताना कोणीतरी शिडी लावून दुसऱ्या मजल्याची खिडकी नांगराच्या फाळाने उचकटली होती आणि १४० पौंड नेले होते. जॉनने कबुलीत तीही चोरी भावाच्या नावावर घातली.

न्यायाधीश सर क्रिस्टोफर टर्नर यांनी खुनाचा खटला चालवायला नकार दिला. कारण साधे होते. प्रेत सापडलेले नाही. चोरीच्या आरोपावर मात्र तिघांनी आधी नाकबूल करून मग गुन्हा मान्य केला. न्यायालयाचा वेळ वाचवू पाहणाऱ्या काही मंडळींनी त्यांच्या कानात सांगितले होते की राजा दुसरा चार्ल्स परत गादीवर आल्यानंतर नुकताच सर्वक्षमेचा कायदा झाला आहे, कबूल करा म्हणजे माफी मिळेल. माफी मिळाली. पण या सल्ल्याचा परिणाम असा झाला की पुढच्या वसंतात सर रॉबर्ट हाइड यांच्यापुढे खुनाचा खटला उभा राहिला, तेव्हा आरोपी हे कबुलीजबाब दिलेले चोर होते. टर्नर यांनी जे नाकारले ते हाइड यांनी चालवले. जॉनने आपण वेडाच्या भरात बोललो, असे सांगून कबुली मागे घेतली. उपयोग झाला नाही.

हेही लक्षात घ्यावे की त्या काळी इंग्लंडमध्ये अशा गंभीर गुन्ह्यातील आरोपीला स्वतःच्या बाजूने संपूर्ण युक्तिवाद करण्यासाठी वकील देण्याची मुभा नव्हती; ती १८३६ च्या कायद्याने मिळाली. आरोपीला शपथेवर साक्ष देण्याची मुभा तर १८९८ पर्यंत नव्हती. जोन आणि रिचर्ड यांच्या हाती ‘आम्ही काही केले नाही’ एवढेच म्हणणे होते आणि ते त्यांनी अखेरपर्यंत म्हटले.

---

शंकेखोर

वकीलकाका, एक विचारतो. ‘प्रेत नाही तर खून नाही’ हा नियम याच प्रकरणातून जन्मला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे का?

---

वकीलकाका

आपणच आत्ता वाचलेत की टर्नर यांनी सप्टेंबर १६६० मध्येच प्रेताच्या अभावी खटला नाकारला होता. हॅरिसन परत येण्याच्या दोन वर्षे आधी. म्हणजे ती सावधगिरी आधीपासूनच रूढ होती. या प्रकरणात ती एकदा पाळली गेली आणि दुसऱ्यांदा मोडली गेली.

सतराव्या शतकातले इंग्लिश न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांनी हा नियम नंतर लेखी मांडला, की खून प्रत्यक्ष सिद्ध झाल्याशिवाय किंवा निदान प्रेत सापडल्याशिवाय मी कोणालाही दोषी ठरवणार नाही. त्यांचे एक उदाहरण वॉरिकशायरमधले आहे. एका माणसाकडे त्याच्या अनाथ पुतणीचा आणि तिच्या जमिनीचा सांभाळ होता. त्याने मुलीला मारले, तेव्हा ‘काका, मला मारू नका’ असे ती ओरडल्याचे लोकांनी ऐकले. पुढे मुलगी नाहीशी झाली. न्यायालयाने तिला हजर करण्यास सांगितले, तर घाबरलेल्या काकाने दुसरीच एक मुलगी तिचे कपडे घालून आणून उभी केली. लबाडी उघडी पडली आणि काका फासावर गेला. खरी मुलगी शेजारच्या परगण्यात पळून गेली होती. ती वयात आल्यावर आपली जमीन मागायला आली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या खटल्यात हेल यांच्या याच जुन्या नियमाचा विचार केला आणि स्पष्ट केले की प्रेत सापडणे ही शिक्षेसाठी अपरिहार्य अट नाही. परंतु प्रेत नसेल तर मृत्यू घडल्याचा इतर पुरावा भक्कम आणि निःसंशय असला पाहिजे. तसेच सहआरोपीच्या कबुलीकडे दुबळा पुरावा म्हणूनच पाहावे, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार बजावले आहे. जॉनची कबुली हा नेमका तसा पुरावा होता.

---

सांजवात

वकीलकाका, आपल्या सावध हेल साहेबांनी १६६२ मध्ये, म्हणजे हॅरिसन परत आले त्याच वर्षी, बरी सेंट एडमंड्स येथे दोन वृद्ध बायकांना चेटूक केल्याबद्दल फाशी दिली, हेही लिहायला हवे. प्रेताशिवाय खून मान्य नाही, पण चेटूक मान्य आहे!

---

वकीलकाका

सांजवातताई, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यावर माझ्यापाशी बचाव नाही.

---

टिंबटिंब

चेटकाचा विषय निघालाच आहे तर जोन पेरीकडे येऊ. गावात तिला पूर्वीपासून चेटकीण समजत. टेकडीवर तिला सर्वांत आधी फाशी दिली, ती या समजुतीने की मुलांवर तिने जादू केली असेल तर तिच्या मरणाने ती सुटेल आणि मुले खरे बोलतील. जादू सुटली नाही. रिचर्डने शिडीवरून भावाला विनवले की जगाच्या आणि स्वतःच्या समाधानासाठी आता तरी खरे सांग. जॉन गप्प राहिला. स्वतःची पाळी आल्यावर मात्र तो म्हणाला की मालकांच्या मृत्यूविषयी मला काहीही ठाऊक नाही, ते कोठे आहेत हेही ठाऊक नाही, परंतु पुढे कधीतरी तुमच्या कानावर येईल.

ऑक्सफर्डचे इतिहासलेखक अँथनी वुड यांनी या प्रकरणाच्या टिपणात एक आख्यायिका टिपून ठेवली आहे. चेटकिणींची पारख असल्याचा दावा करणाऱ्या एका प्रतिष्ठित बाईने फाशीनंतर तीन दिवसांनी जोनचे थडगे उकरवले, अंगावर खुणा आहेत का हे पाहण्यासाठी. बाई घोड्यावर बसून थडग्यापाशी आल्या, प्रेत पाहून घोडा बुजला, वधस्तंभाखालून उधळला, बाईंचे डोके साखळदंडांत टांगलेल्या जॉनच्या पायांवर आपटले आणि त्या थेट उघड्या थडग्यात पडल्या.

---

गप्पिष्ट

या संपूर्ण प्रकरणात ज्याला जे हवे होते ते मिळालेली ही एकमेव व्यक्ती दिसते. बाईंना जोनचे अंग जवळून पाहायचे होते.

---

परदेशी पाखरू

मी बर्मिंगहॅमजवळ राहते आणि दोन वर्षांपूर्वी कॅम्पडेनला गेले होते. सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी १६२७ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा बाजारमंडप अजून उभा आहे. ज्युलियाना या त्यांच्याच कन्या. जॉन त्या मंडपावरून कितीदा तरी गेला असेल. चर्चजवळ जळालेल्या हवेलीचे प्रवेशद्वार आणि बागेतले मेजवानीचे दोन छोटे मंडप शिल्लक आहेत. एब्रिंग्टनच्या बाजूला चालत गेले, तेव्हा प्रथम जाणवले की हे अंतर किती थोडे आहे. सत्तरीच्या माणसालाही तासाभराचा रस्ता. अशा उघड्या शेतांतून, सुगीच्या दिवसांत, जेव्हा प्रत्येक वावरात माणसे असतात, एक मनुष्य दिवसाउजेडी कोणाच्याही दृष्टीस न पडता नाहीसा होतो, हे नकाशावर पटते, तेथे उभे राहून पटत नाही.

ती टोपीही एका गरीब बाईला सापडली होती, कापणी झालेल्या शेतात सरवा वेचताना. बातमी पसरताच गावातली बायामाणसे आणि पोरे झुंडीने प्रेत शोधायला धावली.

---

कोरा कागद

संध्याकाळी हॅरिसन एब्रिंग्टनला डॅनियल नावाच्या माणसाच्या दारात थांबून गेले होते, हे मात्र एडवर्डला तेथेच कळले. त्यामुळे ते दिसलेच नाहीत असे नाही. डॅनियलच्या दारापासून पुढचा तुकडा तेवढा अंधारात आहे.

---

शंकेखोर

आता मुख्य साक्षीदाराला बोलवा की. स्वतः हॅरिसन काय म्हणाले?

---

शिरस्तेदार

हॅरिसन यांनी परतल्यावर ओव्हरबरी यांना पत्र लिहून हकिकत कळवली. एब्रिंग्टनजवळच्या काटेरी झुडपांच्या चिंचोळ्या वाटेत एक घोडेस्वार आला, त्याने तलवारीचे वार केले, दुसऱ्याने मांडीत भोसकले, तिसरा आला. त्यांनी त्यांना घोड्यावर मागे बसवले, हात पुढच्या स्वाराच्या कमरेभोवती कुलुपाने जखडले आणि वरून मोठा झगा टाकला. त्यांचे पैसे काढून घेतले, आणि पुढे त्यांच्याच खिशांत पुष्कळशी नाणी कोंबली. असे करत केंट परगण्यातील डील बंदरापर्यंत नेले. तेथे त्यांनी ‘सात पौंड’ असे शब्द ऐकले. मग जहाज, सहा आठवड्यांचा प्रवास, तुर्की चाच्यांचा हल्ला, तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहराजवळ गुलाम म्हणून विक्री. मालक सत्त्याऐंशी वर्षांचा वैद्य, जो पूर्वी इंग्लंडमध्ये लिंकनशायरला राहून गेला होता. त्याने पाणी पिण्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा वाडगा दिला. पावणेदोन वर्षांनी वैद्य मेला, आणि वाडगा देऊन हॅरिसन हॅम्बुर्गच्या जहाजातून लिस्बनला आणि तेथून एका देशबांधवाच्या मदतीने डोव्हरला आले.

बत्तीस वर्षांत असला जबाब माझ्यासमोर आला असता, तर तो टंकलिखित करताना माझी बोटे अडखळली असती.

---

गप्पिष्ट

सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला सात पौंडांना विकायचे, आणि त्यासाठी दीडशे मैल तीन घोडे दौडवायचे. घोड्यांचा दाणावैरणीचा खर्चही निघाला नसेल.

---

अनुस्वार

लूट करून परत बळीच्याच खिशात पैसे का कोंबले, हे कोणी सांगेल काय? हा प्रकार मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

---

सांजवात

ही कहाणी संशयास्पद आहे हे ओव्हरबरी यांच्या काळातही लोक म्हणत होते. काहींचे बोट एडवर्डकडे होते, कारण बापाच्या पाठीमागे कारभारीपद त्यालाच मिळाले. वुड तर आणखी एक गोष्ट लिहितात, की हॅरिसन परतल्यावर थोड्याच काळात त्यांच्या पत्नीने घरातच गळफास घेतला. का, ते वाचकाने ठरवावे. शेवटचे वाक्य ही गावगप्पांची खास शैली आहे. स्वतः काही म्हणायचे नाही, पण वाचकाच्या हातात दोरी द्यायची.

आणि कॅम्पडेनच्या लोकांना तीन निरपराधांना फाशी दिल्याची टोचणी लागली का? १६६२ मध्येच लंडनमध्ये छापलेल्या एका चोपडीने आणि एका पोवाड्याने यावर सोपा तोडगा काढला. जोनने चेटूक करून हॅरिसन यांना उचलले आणि तुर्कस्तानात नेऊन टाकले! म्हणजे मनुष्य जिवंत परत आला, तरी पेरी मंडळी दोषीच.

---

शंकेखोर

याला म्हणतात पडलो तरी नाक वर.

---

भालदार

थोडे विषयांतर होईल, पण तुलना उपयोगी आहे. प्रेत असते तर न्याय झाला असता, असा सूर येथे दिसतो. १६७८ मध्ये लंडनचे दंडाधिकारी सर एडमंड बेरी गॉडफ्रे १२ ऑक्टोबरला नाहीसे झाले आणि १७ तारखेला प्रिमरोझ टेकडीवर त्यांचे प्रेत सापडले. अंगात स्वतःचीच तलवार, गळ्यावर आवळल्याच्या खुणा. प्रेत होते, जखमा होत्या, सर्व काही होते. तरीही मायल्स प्रान्स नावाच्या सोनाराने तुरुंगात छळ झाल्यावर तीन जणांची नावे घेतली, मग नाकारली, मग पुन्हा घेतली, आणि ग्रीन, बेरी व हिल हे तिघे फेब्रुवारी १६७९ मध्ये फासावर गेले. १६८६ मध्ये प्रान्सने आपण खोटी साक्ष दिल्याचे न्यायालयात मान्य केले. त्या टेकडीचे जुने नावच ‘ग्रीनबेरी हिल’ होते, म्हणजे खुन्यांची नावे आधीच ठरलेली होती, ही वदंता तेव्हा लोकांनी चवीने चघळली. सापडलेले प्रेत खून झाल्याचे सांगते, कोणी केला ते सांगत नाही.

---

रानवाटा

भालदार, उदाहरण चपखल आहे. पण प्रान्सला छळले होते. ओव्हरबरी यांच्या वृत्तांतात जॉनला छळल्याचा उल्लेख नाही. म्हणूनच माझा पहिला प्रश्न अजून शिल्लक आहे. त्याने आईलाच का गोवले?

---

वैद्यबुवा

एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १६५९ च्या चोरीनंतर काही आठवड्यांनी जॉन एका संध्याकाळी हॅरिसन यांच्या बागेत मोठ्याने ओरडू लागला. लोक धावून आले तर त्याच्या हातात दाताळे आणि चेहऱ्यावर भीती. पांढऱ्या कपड्यांतील दोन माणसांनी तलवारींनी हल्ला केला आणि मी दाताळ्याने अडवले, असे त्याने सांगितले. दाताळ्याच्या दांड्यावर वार होते आणि खिशातल्या किल्लीवरही वार होता. १६६० च्या कबुलीत तो स्वतःच म्हणाला की ते सगळे आपण रचले होते, गावात चोरांचा वावर आहे असे वाटावे म्हणून.

म्हणजे कोणताही दबाव नसताना संपूर्ण प्रसंग रचून त्याचे पुरावेही स्वतः तयार करणारा हा मनुष्य होता. तीनशे साठ वर्षांनंतर रोगाचे नाव देणे हा वैद्याचा उद्धटपणा ठरेल, म्हणून देत नाही. परंतु तुरुंगातही तो म्हणत होता की आई आणि भाऊ मला विष घालणार आहेत, आणि त्यांच्याबरोबर खाणेपिणे टाळत होता. ज्याला भीती वाटते तो खोटे बोलतो, हे सोपे आहे. याला मात्र आपल्याच खोट्याची भीती वाटू लागली होती, असे मला दिसते. आईचे नाव घेतले तेव्हा तो कदाचित स्वतःच्या मते खरेच बोलत असेल.

---

शिरस्तेदार

वैद्यबुवा, मी आपल्याशी निम्मा सहमत आहे. उरलेला निम्मा भाग मी गावावर टाकतो. जोन चेटकीण आहे, ही कुजबुज जॉनने निर्माण केली नव्हती. लहानपणापासून ती त्याच्या कानांवर पडली असेल. दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहून त्याला असे नाव हवे होते की जे ऐकून समोरचे लोक पुढचा प्रश्न विचारणार नाहीत. कल्हईवाल्याचे नाव सांगितले तेव्हा प्रश्न आले, शेजारच्या नोकराचे सांगितले तेव्हाही आले. आईचे नाव सांगितले तेव्हा कोणीही विचारले नाही की ती असे का करील.

---

शंकेखोर

आणि शेवटचे ते वाक्य? ‘पुढे कधीतरी तुमच्या कानावर येईल.’ त्याला ठाऊक होते की नाही?

---

कोरा कागद

मी या वाक्यावर बराच विचार केला आहे. त्याला हॅरिसन जिवंत असल्याचे ठाऊक असते, तर आई शिडीवर चढताना त्याने ते सांगितले नसते का? ठाऊक नसेल तर तो निव्वळ आशेने बोलला. पण मग टोपीचे काय करायचे? हॅरिसन म्हणतात तलवारीचे वार झाले, जॉन म्हणतो मी सुरीने कापली, आणि दोघांपैकी एकाचेही म्हणणे मला पूर्ण पटत नाही. तिसरी शक्यता अशी की हॅरिसन स्वखुशीने किंवा नाइलाजाने गाव सोडून गेले आणि टोपी त्यांनी स्वतःच कापून टाकली. त्या सरवा वेचणाऱ्या बाईने जे पाहिले तेवढेच काय ते निश्चित आहे, आणि तिचे नावसुद्धा ओव्हरबरी यांनी लिहून ठेवलेले नाही.

---

परदेशी पाखरू

जोन आणि रिचर्ड यांना वधस्तंभाखालीच पुरले, पण जॉनचे प्रेत गावाकडून दिसावे अशा रीतीने टेकडीवर साखळदंडांत टांगून ठेवले होते. वुड यांच्या टिपणानुसार ते हॅरिसन परतल्यावरच खाली उतरवण्यात आले. म्हणजे डोव्हरहून येणारा म्हातारा गावात शिरला, तेव्हा त्याचा नोकर अजून तेथेच लटकत होता.